तान दुन यांचे संगीत कसे ऐकावे

हिंदुस्थानी संगीतावर कान तयार झालेल्या मराठी रसिकाने तान दुन या चिनी संगीतकाराची एखादी रचना काहीही तयारी न करता लावली, तर पहिल्या पाच मिनिटांत त्याची निराशा होण्याचीच शक्यता अधिक. राग सापडत नाही, ताल टिकत नाही, व्हायोलिनवादक मध्येच आरोळी देतात, कोणीतरी पाण्यात हात घालते, आणि सुरेल काही हाती लागते न लागते तोच ते विरून जाते. तरीही माझे ठाम मत असे आहे की हे संगीत ऐकण्यासाठी लागणारी सर्वांत महत्त्वाची सवय याच रसिकाकडे आधीपासून असते. एकाच स्वराचे उमटणे, त्याचे आंदोलन, शेजारच्या स्वराकडे त्याचे झुकणे आणि अखेर त्याचे मावळणे यांकडे लक्ष देण्याची ती सवय होय. यातले चिनी काय आणि पाश्चात्त्य काय याची वाटणी करत न बसता, प्रत्येक नाद कशातून निघाला आणि निघाल्यावर त्याचे काय झाले याच्या मागे कान लावला, की या रचना उलगडू लागतात. त्या दृष्टीने कोणत्या रचनेपासून सुरुवात करावी, कशाकडे लक्ष द्यावे आणि काय तूर्त बाजूला ठेवावे, ते येथे सांगितले आहे.

ऐकण्याआधी एवढे माहीत असावे

तान दुन यांचा जन्म 1957 साली चीनच्या हुनान प्रांतात, चांगशा शहराजवळच्या एका गावी झाला. (तान हे आडनाव असून चिनी रीतीप्रमाणे ते आधी येते.) त्या भागातील मांत्रिक-पुरोहितांचे विधी आणि अंत्यविधीचे गाणे त्यांच्या लहानपणी कानावर पडले. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात त्यांना भातशेतीच्या कामासाठी खेड्यात पाठवण्यात आले. तिथे त्यांनी गावकऱ्यांची गाणी गोळा केली आणि घरातली भांडीकुंडी धरून हाताला येईल ती वस्तू वाजवत गावातल्यांचा मेळ बसवला. पुढे होडी उलटून पेकिंग ऑपेरा या चिनी संगीतनाट्याच्या एका मंडळीतील काही कलाकार दगावले, तेव्हा त्या मंडळीत त्यांना वादक म्हणून घेण्यात आले. बीजिंगच्या सेंट्रल कॉन्झर्वेटरीत 1978 साली जी तुकडी दाखल झाली, तिच्यात ते होते, आणि चेन यी, झोउ लाँग, ग्वो वेनजिंग, चेन चिगांग हे आज जगभर वाजवले जाणारे संगीतकारही त्याच तुकडीतले. 1986 साली ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात आले. तेथील त्यांचे गुरू चोउ वेन-चुंग हे स्वतः आधुनिक पाश्चात्त्य संगीतकार एडगार वारेझ यांचे शिष्य होते. म्हणजे नादालाच संगीताचे मूळ द्रव्य मानणारी आधुनिक पाश्चात्त्य दृष्टी आणि एकेका स्वराला स्वतंत्र जीव मानणारी चिनी दृष्टी या दोन्ही तान दुन यांना एकाच गुरूकडे भेटल्या.

यापैकी चिनी दृष्टी नीट समजण्यासाठी गुचिन हे सात तारांचे वाद्य दहा मिनिटे तरी ऐकावे आणि शक्यतो वादकाच्या डाव्या हाताचे चित्रण पाहावे. उजव्या हाताने तार छेडली जाते, स्वर उमटतो आणि क्षीण होऊ लागतो. पण डावा अंगठा तारेवरून सरकतच राहतो. सुरुवातीला ती स्पष्ट मींड असते. मग स्वर जवळजवळ संपतो आणि तारेवर घासणाऱ्या बोटाची फक्त सळसळ ऐकू येते. तरीही वादक पुढच्या स्थानापर्यंत बोट नेतो, कारण तो न वाजलेला स्वर श्रोत्याने मनात धरावा अशी अपेक्षा असते. आपल्याकडे बीन किंवा सरोद ऐकणाऱ्याला मींड नवी नाही. नवी आहे ती नाद संपल्यावरही मींड चालू राहण्याची कल्पना. तान दुन यांच्या रचनांमधील अनेक शांत जागा रिकाम्या वाटतात त्या याच कारणाने. त्या जागांवर रचना पुढे ढकलू नये.

आणखी एक भेद आरंभीच लक्षात घ्यावा. चिनी धून घ्यायची आणि ती पाश्चात्त्य वाद्यवृंदावर पाश्चात्त्य स्वरमेळात बसवायची, हा प्रयोग तान दुन यांच्या आधीचा आहे. शांघायमध्ये हे झानहाओ आणि चेन गांग यांनी 1959 साली रचलेला 'बटरफ्लाय लव्हर्स' हा व्हायोलिन कन्चेर्टो (एक मुख्य वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) त्याचे सर्वांत लोकप्रिय उदाहरण होय. तो गोड आहे, ऐकायला सोपा आहे, आणि तुलनेसाठी एकदा जरूर ऐकावा; पण त्यात वाद्यवृंद जसा होता तसाच राहतो. तान दुन वाद्यवृंदाच्या उच्चारालाच हात घालतात. त्यांच्याकडे चेलो (व्हायोलिनच्या कुळातील मोठे, खर्जाचे वाद्य) एरहू या गजाने वाजवायच्या चिनी वाद्यासारखा घसरत जातो, वादक तोंडाने बोल म्हणतात, पानांचा आणि कागदाचा आवाज व्हायोलिनच्या बरोबरीने लिहिलेला असतो.

सुरुवात चित्रपटापासून करावी

आंग ली यांच्या 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन' या 2000 सालच्या चित्रपटाचे संगीत तान दुन यांचे आहे आणि त्यासाठी त्यांना ऑस्कर मिळाले. चित्रपटाचे संगीत म्हणून ते हलके समजण्याचे कारण नाही. त्यात शोधण्यासारख्या दोन जागा आहेत. पहिली यो-यो मा यांच्या चेलोची. मुख्य धून चेलोवर येते तेव्हा दोन स्वरांमधला प्रवास कसा होतो ते ऐकावे. पाश्चात्त्य शिस्तीत शिकलेला हा वादक येथे स्वरावर थेट न उतरता कित्येकदा खालून किंवा वरून घसरत त्यावर येतो. एरहूला दोनच तारा असतात, गज त्या दोन तारांच्या मधून फिरतो आणि बोटांखाली पट्टीच नसते, म्हणून त्याचा स्वर स्वभावतःच असा लवचीक असतो. चेलोने तो स्वभाव उसना घेतला आहे. एरहूची एखादी स्वतंत्र रचना ऐकून लगेच हा चेलो ऐकला तर हे चटकन ध्यानात येते.

दुसरी जागा रात्रीच्या पाठलागाची. छपरांवरून धावणाऱ्या दोन व्यक्तींच्या त्या प्रसंगात धून जवळजवळ नाहीच, केवळ ढोलांचे वादन आहे. डोळे मिटून ते ऐकावे. लय हळूहळू वाढते, आघात कातड्याच्या मध्यावरून कडेकडे सरकतात, काठावर येतात, पुन्हा मध्यावर जातात. ही पेकिंग ऑपेरातील द्वंद्वप्रसंगांच्या वादनाची परंपरा आहे. त्या वादनात झांजा आणि दोन प्रकारच्या घंटाथाळ्यांनाही मोठे स्थान आहे: मोठ्या थाळीचा स्वर आघातानंतर खाली घसरतो, लहान थाळीचा वर चढतो. आपल्या तबल्याप्रमाणे या वाद्यांनाही बोल आहेत आणि विद्यार्थी ते तोंडाने म्हणत पाठ करतात. मोठ्या थाळीचा बोल साधारण 'त्सांग' असा, लहान थाळीचा 'थाय' असा. हे चढते-उतरते दोन नाद एकदा ओळखता आले की तान दुन यांच्या निम्म्याअधिक रचनांमध्ये ते सापडू लागतात. पुष्कळ ठिकाणी तर थाळी नसते आणि तेच घसरणे व्हायोलिनच्या किंवा ट्रॉम्बोनच्या वाट्याला आलेले असते.

मग पाण्याकडे वळावे, आणि ते पाहावे

'वॉटर कन्चेर्टो' ही 1998 सालची रचना त्यांनी जपानी संगीतकार तोरू ताकेमित्सू यांच्या स्मृतीस अर्पण केली आहे आणि न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने ती प्रथम सादर केली. ही रचना फक्त ऐकू नये, तिचे चित्रण पाहावे. मुख्य वादकासमोर पाण्याने भरलेली मोठी पारदर्शक पात्रे असतात. तो पाण्यावर हाताने थापटतो, ओंजळीने पाणी उचलून सोडतो, पाण्यावर पालथी तरंगणारी लाकडी भांडी वाजवतो, आणि थाळी वाजवून ती पाण्यात बुडवतो तेव्हा तिचा स्वर वाकतो.

येथे मराठी श्रोत्याला जलतरंग आठवणे स्वाभाविक आहे, पण त्या आठवणीचा उपयोग फरक ओळखण्यासाठी करावा. जलतरंगात चिनी मातीच्या वाट्यांमध्ये पाणी कमीजास्त करून स्वर लावले जातात. नाद वाटीचा असतो आणि पाणी त्याला स्वराला आणते. तान दुन यांच्याकडे नाद पाण्याचाच आहे, आणि त्याला निश्चित स्वरस्थान नाही. त्यामुळे 'हा कोणता स्वर' हा प्रश्न निरर्थक ठरतो आणि 'हा आवाज किती ओला, किती जाड, किती दूरचा' असे प्रश्न उरतात. पहिल्या पाहण्यात मुख्य वादकाचे हात पाहावेत. दुसऱ्या वेळी नजर वाद्यवृंदावर ठेवावी आणि पाण्याचा एखादा विशिष्ट आवाज झाल्यावर कोणता वाद्यगट त्याला उत्तर देतो हे शोधावे. तंतुवाद्यांचा एखादा चढता फराटा हा थेंबाच्या पडण्याचा प्रतिध्वनी म्हणून लिहिला आहे हे एकदा कळले, की वाद्यवृंद पाण्याला साथ करत नसून पाण्यापासून शिकतो आहे हे कानाला पटते. फोनच्या स्पीकरवर यातले सूक्ष्म नाद अक्षरशः नाहीसे होतात. चांगला हेडफोन येथे सोय म्हणून नाही, गरज म्हणून वापरावा.

'घोस्ट ऑपेरा': येथे वेळ द्यावा

एकच रचना निवडायची झाली तर मी 1994 सालची 'घोस्ट ऑपेरा' निवडेन. दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो यांचा क्वार्टेट आणि पिपा हे चार तारांचे, छेडून वाजवायचे चिनी वाद्य, एवढाच तिचा संच आहे. पण त्याशिवाय पाणी, दगड, धातू आणि कागद ही चार द्रव्येही त्यात वाद्ये म्हणून येतात. क्रोनोस क्वार्टेट आणि पिपावादिका वू मान यांच्यासाठी ती लिहिली गेली आणि त्यांचेच ध्वनिमुद्रण ऐकावे. तिचे पाच अंक आहेत आणि हुनानमधील अशा विधिनाट्याची पार्श्वभूमी तिच्यामागे आहे, ज्यात विधी करणारा आपल्या मागच्या आणि पुढच्या जन्माशी, मृतांशी, निसर्गाशी संवाद करतो.

पहिल्या अंकात जर्मन संगीतकार बाखचा एक प्रेल्यूड, म्हणजे छोटी वाद्यरचना, पाण्याच्या आवाजात तरंगत येतो. तो 'वेल-टेम्पर्ड क्लेव्हियर' या त्याच्या रचनासंग्रहाच्या दुसऱ्या भागातला सी शार्प मायनरमधला आहे. मूळ प्रेल्यूड आधी पियानोवर ऐकून ठेवावा, फार मोठा नाही. तो ओळखीचा झाला असेल तर पुढे काय होते ते ऐकणे हा या रचनेतील सर्वांत मोठा आनंद आहे. बाखचे स्वर जवळपास जसेच्या तसे येतात. त्यांच्यावर आरोळ्या आणि दगडांचे आघात पडतात, तरी ते आपली चाल सोडत नाहीत. तिसऱ्या अंकात 'श्याओ बाय त्साय' हे चिनी लोकगीत पुढे येते. आई गेलेल्या, सावत्र आईच्या हाती सापडलेल्या लहान मुलीचे ते गाणे आहे, उतरत्या स्वरांचे, साधे आणि अतिशय करुण. बाखचा प्रेल्यूड आणि हे गीत एकमेकांसमोर उभे राहतात, तेव्हा पिपा कोणाच्या बाजूने बोलते आणि क्वार्टेट कोणाच्या, याचा माग ठेवावा. काही वेळाने ही बाजू बदलते. पिपावादिका तार छेडून ती पडद्यावर आडवी ढकलते आणि स्वर वर खेचते, पाचही बोटे एकामागून एक फिरवून स्वराची अखंड गुंजन करते. व्हायोलिनवादक तेच गजाने करू पाहतात.

दोन परंपरा येथे एकमेकींत विरघळत नाहीत. त्या एका खोलीत राहतात, एकमेकींचे ऐकतात, प्रसंगी भांडतात. कुठेतरी दोहोंचा गोड मेळ बसेल आणि शेवट होईल अशी वाट पाहणाऱ्याला तो मिळणार नाही. शेवटच्या अंकात कागद बोलतो. तान दुन स्वतः आपल्या कामाबद्दल एक अधिक एक बरोबर एक असे समीकरण मांडतात. या रचनेपुरते मला ते पूर्ण पटत नाही, कारण बाख आणि ती पोरकी मुलगी अखेरपर्यंत दोनच राहतात, आणि रचनेचे सारे बळ मला त्यातच दिसते. ही रचना प्रथम अंधारात किंवा डोळे मिटून पूर्ण ऐकावी, साधारण 35 ते 40 मिनिटे लागतात. त्यानंतर प्रत्यक्ष सादरीकरणाचे चित्रण पाहावे. क्रम उलटा केला तर डोळे कागदाच्या मोठ्या पडद्यांत आणि वादकांच्या हालचालींत गुंततात आणि कान मागे पडतो.

'द मॅप' ऐकताना कोण कोणाला उत्तर देते ते पाहावे

1981 साली तान दुन हुनानच्या पश्चिम भागात, श्यांगशीमध्ये फिरत असताना त्यांना दगड वाजवणारा एक म्हातारा कलावंत भेटला. पुढे 1999 मध्ये त्याचे वादन चित्रित करण्यासाठी ते परतले, तेव्हा तो हयात नव्हता आणि त्याची कलाही त्याच्याबरोबर गेली होती. 'द मॅप' हा चेलो, चित्रफीत आणि वाद्यवृंद यांसाठीचा कन्चेर्टो त्या शोधातून निघाला. यो-यो मा आणि बॉस्टन सिम्फनी यांनी तो 2003 मध्ये सादर केला आणि त्याच वर्षी श्यांगशीतील फंगह्वांग या जुन्या गावी, नदीवर रंगमंच उभारून, ज्यांची गाणी त्यात होती त्या लोकांसमोरही तो वाजवला गेला.

यातील 'फेइगे' हा भाग सर्वप्रथम ऐकावा. तेथील म्याओ समाजातील फेइगे हे डोंगरावरून पलीकडच्या डोंगराला ऐकू जावे म्हणून उंच पट्टीत गायले जाणारे सवाल-जवाबाचे गाणे आहे. पडद्यावर एक म्याओ तरुणी गाते आणि मंचावरचा चेलो तिला उत्तर देतो. तिची ओळ संपते तेव्हा शेवटचा स्वर ती झटक्याने वर फेकून सोडते. चेलोचे उत्तर कुठून सुरू होते ते बारकाईने ऐकावे: तिच्या गाण्याची नक्कल करण्यापेक्षा तो तिने सोडलेल्या वाक्याला पुढे नेतो. चित्रफितीतील गाणे कधीच बदलणार नाही, चेलोवादक मात्र दर वेळी नवा असतो. म्हणून दोन वेगवेगळ्या चेलोवादकांची सादरीकरणे लागोपाठ पाहण्याचा येथे विशेष उपयोग आहे. झाडाचे पान ओठांशी धरून वाजवण्याचा भागही याच रचनेत आहे आणि पानाच्या त्या पातळ, किंचित चिरक्या स्वराला वाद्यवृंदाने दिलेला प्रतिसाद मला संपूर्ण रचनेतील सर्वांत नाजूक भाग वाटतो.

पंचस्वरी धुनींबद्दल एक इशारा

चिनी संगीतातील पाच स्वरांची मूळ मांडणी सा रे ग प ध अशी, म्हणजे आपल्या भूपाची आहे. तिच्या मूर्च्छना केल्या की दुसऱ्या स्वरापासून मध्यमाद सारंगाचे, तिसऱ्यापासून मालकंसाचे, चौथ्यापासून दुर्गेचे आणि पाचव्यापासून धानीचे स्वर मिळतात. या पाचही चिनी परंपरेत स्वतंत्र स्वरव्यवस्था म्हणून मान्य आहेत. हे साम्य खरे आहे आणि पेटीवर वाजवून पाहण्यासारखे आहे. पण एखाद्या रचनेत भूप ऐकू आला म्हणून त्याच्या विस्ताराची अपेक्षा धरू नये. तान दुन धून वाढवत नाहीत. ती दाखवतात, मोडतात, तिचा रंग बदलतात आणि सोडून देतात. स्वरांच्या ओळखीवर कान अडकून राहिला तर नादाचा रंग, जो येथे खरा विषय आहे, निसटतो.

मोठ्या रचना ऐकताना

त्यांचे सारेच काम सारख्या उंचीचे नाही, हे आधीच माहीत असलेले बरे. हाँगकाँगच्या 1997 सालच्या हस्तांतरासाठी लिहिलेल्या 'सिम्फनी 1997' मध्ये हुबेई प्रांतात 1978 साली एका सरदाराच्या थडग्यातून निघालेल्या, इ. स. पूर्व पाचव्या शतकातील 65 कांस्यघंटांच्या संचाचा नाद आणला आहे. त्यातील प्रत्येक घंटा मध्यावर आणि कडेला अशा दोन आघातस्थानांवर दोन वेगळे स्वर देते, आणि केवळ त्यासाठी ती रचना ऐकावी. तिच्यातील सोहळ्याचा थाट मात्र मला ऐकताना जड होतो. मेट्रोपॉलिटन ऑपेराने 2006 मध्ये रंगमंचावर आणलेल्या 'द फर्स्ट एम्परर' या ऑपेराचे स्वागतही संमिश्र झाले. या दोन्हींकडे आधी जाऊ नये.

त्याऐवजी 2018 साली ड्रेस्डेनच्या संगीत महोत्सवात प्रथम सादर झालेले 'बुद्ध पॅशन' घ्यावे. ख्रिस्ताच्या यातनांची कथा गाणारा पॅशन हा जर्मन चर्चसंगीताचा प्रकार तान दुन यांनी चीनमधील दुनह्वांगच्या मोगाव या बौद्ध लेण्यांतील चित्रकथांकडे वळवला आहे. मराठी श्रोत्याला येथे खरोखर एक जवळची वाट आहे. या रचनेच्या दुसऱ्या अंकातील नऊ रंगांच्या हरणाची गोष्ट, म्हणजे बुडणाऱ्या माणसाला वाचवणाऱ्या आणि नंतर त्याच माणसाकडून राजाला दाखवून दिल्या जाणाऱ्या हरणाची कथा, मोगावच्या 257 क्रमांकाच्या लेण्यात रंगवलेली आहे, आणि तीच रुरु जातककथा अजिंठ्याच्या 17 क्रमांकाच्या लेण्यातही आहे. कथा आधी वाचून ठेवावी म्हणजे गायनवृंद कोणाच्या बाजूने बोलतो आहे हे शब्दांवाचून कळते. पाचवा अंक 'हृदयसूत्र' या बौद्ध सूत्राचा आहे. संस्कृत शब्द कानाला ओळखीचे वाटतील, तेव्हा अर्थ लावण्याचा मोह थोडा आवरावा आणि उच्चारणाऱ्या कंठाकडे लक्ष द्यावे: स्वर छातीतून येतो की घशातून, तो किती काळ एकाच जागी धरला आहे, आणि वाद्यवृंद त्याखाली हलतो की स्थिर राहतो. सलग सहा अंक एका बैठकीत झेपले नाहीत तर रोज एक अंक ऐकावा. प्रत्येक अंक स्वतंत्र कथा सांगतो, त्यामुळे असे तोडून ऐकल्याने रचनेवर अन्याय होत नाही. त्यानंतर 'सिम्फनी 1997' मधील घंटांकडे परत यावे; तोवर कान त्यांच्यासाठी तयार झालेला असतो.